पाय लांब करून बसायचं होतं

जिन्यावरून पडले तेव्हा माझ्या दोन्ही हातांत जुन्या साड्यांचं बोचकं होतं. लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे परभणीत आलेली, आठवा महिना सुरू होता. तिच्या बाळाची दुपटी शिवायला म्हणून मी सुती साड्या धुऊन गच्चीवर वाळत घातल्या होत्या, त्या घेऊन उतरत होते. आमच्या जिन्याला शहाबादी फरशी. ती आमच्या ह्यांनी नुकतीच पुसलेली. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ह्यांना घर पुसायचा नाद लागलाय, पण पुसल्यावर घरच्यांना सांगायचं असतं, हे त्यांना अजून कुणी शिकवलेलं नाही. बोचक्यामुळे पायाखालचं दिसलं नाही. टाच सरकली आणि मी कमरेवर आदळत खालपर्यंत आले.

ओरडले नाही. लेकीचा नुकताच डोळा लागला होता आणि आठव्या महिन्यात पोरीला दचकवायचं नसतं, एवढंच डोक्यात होतं. हे धावत आले.

"पडलीस काय?"

"न्हाई, बसलेय जरा. तुमी पुसा अजून," मी म्हणाले.

त्यांनी हात दिला. उभी राहताना कमरेत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी मी बोचकं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

दुखण्याची मला सवय नाही असं नाही. तीस वर्षं शाळेत उभं राहून शिकवलं, त्यातली बरीच पेडगावला, रोज जाऊन-येऊन. गुडघे माझ्या ओळखीचे आहेत, टाच ओळखीची आहे. कोणतं दुखणं कधी येणार आणि किती वेळ बसणार, हे मला नेहमीच्या पाहुण्यांचं असतं तसं ठाऊक असतं. हे नवं दुखणं मात्र काही कळू देईना. चालताना गप्प बसायचं आणि शिंक आली की जीव घ्यायचं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, पाय लांब करून बसले की ते कमरेतून थेट डाव्या मांडीत उतरायचं.

नेमकं तेच मला करायचं होतं. बाळाला न्हाऊ घालायचं तर न्हाणीत पाटावर बसून दोन्ही पाय समोर लांब करावे लागतात. पाय जुळवले की मधे जी खोबण होते, तिच्यात बाळ ठेवायचं. लेक झाली तेव्हा माझी आई नव्हती. माझं बाळंतपण सासरी झालं, लेकीला न्हाऊ घालायला बाहेरची बाई यायची, आणि मी खाटेवर पडून माझ्या लेकराचं रडणं ऐकत राहायचे. तेव्हाच ठरवलं होतं, हिचं लेकरू मी माझ्या पायांवर घेईन. चुडाव्याच्या विहीणबाईंना हे मी डोहाळेजेवणात बायकांनी भरलेल्या घरात ऐकवलंही होतं. त्या म्हणाल्या होत्या, "तिला आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. आमच्या गावातली निम्मी लेकरं माझ्याच पायावर न्हाऊन मोठी झालीत." मी म्हणाले होते, "तुमी बारशाला या, पेढे खायला. न्हाऊ घालायला मी हाय."

आता हे बोलून बसल्यावर कंबर धरून फिरायची चोरी झाली.

रोज सकाळी मी न्हाणीचं दार लावून पाटावर बसायचे आणि हळूहळू पाय पुढे सरकवायचे. एका ठिकाणापर्यंत जायचे, पुढे गेले की कळ. भिंतीला टेकून बसून पाहिलं, पाटाखाली दुसरा पाट ठेवून पाहिलं. पाण्याचा नळ सोडून ठेवायचे, म्हणजे कण्हणं बाहेर जाऊ नये. तिकडे लेकीचे दिवस भरत आले होते.

मग मी स्वतःच निदान केलं. ही उसण आहे. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावायचा, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. पायाळू म्हणजे जन्मताना पायांकडून आलेलं माणूस. आमच्या गल्लीत एक पायाळू सून आहे. कृषी विद्यापीठात नोकरी करते, स्कूटीवरून जाते-येते, आणि उसण भरलेली माणसं सकाळी तिच्या दारात उभी राहिली की बिचारी लाजेनं अर्धी होते. तिला मी मागच्या अंगणात बोलावलं आणि चटईवर पालथी पडले.

"काकू, तुमच्या पाठीला पाय कसा लावू? तुमी मोठ्या."

"लाव गं. मोठेपणानं कंबर दुखायची थांबत असती तर तुला बोलावलं कशाला असतं?"

तिनं डावा पाय टेकवल्यासारखा केला आणि काढून घेतला. मला काही कळलंच नाही. मी म्हणाले, "पाय लावायलीस का फुलं वाहायलीस? जोरात दे." ती नको नको म्हणत होती. मी शाळेतला आवाज काढला. तिनं घाबरून दिला दाब.

काहीतरी आत हललं. कमरेतून वीज निघाली ती मांडी, पोटरी, अंगठ्यापर्यंत गेली. मला उठता येईना. ती पोर माझ्या पायांवर डोकं ठेवून माफी मागत होती, रडत होती, आणि मी चटईत तोंड खुपसून तिला म्हणत होते, "गप, गप, आतमधी लेक हाय." तिचा काही दोष नव्हता. पण तेव्हा मला तिचाही राग आला, ह्यांचाही आला, आणि त्या चुडाव्याच्या विहीणबाईंचाही आला.

दुसऱ्या दिवशी ह्यांचं बीपी दाखवायचंय असं लेकीला सांगून आम्ही दोघं ऑटोनं हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. प्रत्येक खड्ड्याला मी ह्यांचा दंड आवळत होते. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नव्हतं. म्हणाले, मणक्यातली गादी सरकलेली दिसतेय. पट्टा बांधा, वाकू नका, जड उचलू नका, या गोळ्या घ्या. उठता उठता म्हणाले, "आणि पायात मुंग्या आल्या, बधिरपणा वाटला, तर घरी बसू नका. लगेच या. मग मोठा फोटो काढून पुढचं ठरवावं लागेल."

पुढचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचं पुढचं नांदेडला झालं होतं, ऑपरेशन. त्यानंतर त्या कितीतरी महिने आडव्या होत्या.

गोळ्यांनी दुखणं कमी झालं. खरंच झालं. मी साडीच्या आत पट्टा बांधायचे, लेकीला म्हणायचे वजन वाढलंय म्हणून बांधलाय, आणि ती हसायची. न्हाणीत पाय थोडे आणखी पुढे जायला लागले. मी इतकी खूश झाले की, कळ जिथून गेली तिथे दुसरंच काही आलंय याकडे लक्ष द्यायचं टाळलं. डाव्या पायाला मुंग्या यायच्या. मी म्हणायचे, पट्टा घट्ट झाला. मग मुंग्याही थांबल्या. एकदा भाजीवाला आला म्हणून मी फाटकापर्यंत गेले, आणि मागून हे ओरडले, "अगं, एक चप्पल इथंच राहिलीय." डाव्या पायातली चप्पल ओट्यापाशी निघून पडली होती आणि मी तशीच पुढे चालत गेले होते. मी ह्यांना म्हणाले, "पट्टा सैल झालाय चपलेचा, नवी आणा." नवी आली. ती मी मागे पट्टा असलेली मागवली होती.

लेक सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. नाळ पडेपर्यंत ओल्या फडक्यानं पुसून काढायचं असं ठरलं. नाळ पडली. नेमक्या त्याच दिवशी सकाळच्या गाडीनं विहीणबाई आल्या, नातीला बघायला. मला वाटलं, हे देवानं मुद्दाम केलं असावं. बघू दे त्यांना.

मी पाटावर बसले. पाय लांब केले. कळ आली नाही. दोन्ही पाय सरळ, जुळवलेले, जसे मला हवे होते तसे. विहीणबाईंनी बाळ आणून माझ्या पायांवर ठेवलं, आणि त्या इतक्याशा जिवाचं वजन मला उजव्या पायावर तेवढं लागलं. डावीकडे काहीच नव्हतं. तिथलं बाळ फक्त दिसत होतं.

पाणी ह्यांनी काढून दिलं होतं. बाळावर ओतण्याआधी ते आपल्या नडगीवर ओतून बघायचं असतं. आपल्याला सोसलं तर बाळाला. बाळाचं डोकं उजव्या बाजूला कललेलं होतं म्हणून मी पाणी डाव्या नडगीच्या बाहेरच्या अंगाला ओतलं. छान वाटलं. म्हणजे काहीच वाटलं नाही, आणि ते मला छान वाटलं. मी तांब्या पुन्हा भरला, बाळाच्या पोटावर आणला. तेवढ्यात तांब्याच्या काठावरून दोन थेंब माझ्या उजव्या पावलावर पडले आणि मी किंचाळले.

पाणी कढत होतं.

तांब्या मी बाजूला फेकला. तो भिंतीवर आपटला. बाळ दचकून रडायला लागलं आणि मी दोन्ही हातांनी तिला धरून बसले. मला उठता येत नव्हतं, तिला देता येत नव्हतं.

"विहीनबाई, हिला उचला. उचला आधी."

त्यांनी बाळ उचलून दारात उभ्या लेकीच्या हातात दिलं. बादलीत बोट घातलं आणि झटकलं. "अगं बाई! येवढं कढत, आन तुमी पायावर वतून बघितलं की!"

माझ्या डाव्या नडगीची कातडी लाल व्हायला लागली होती. आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो.

"मला कळत न्हाई," मी म्हणाले. "ह्या पायाला कळत न्हाई. जिन्यावरून पडल्यापासून."

त्यांनी डोहाळेजेवणाची आठवण काढली असती तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. पण त्या नऊवारीचा काष्टा ओला होईल याची फिकीर न करता माझ्या पायांशी फतकल मारून बसल्या, गार पाणी घेऊन त्या लाल जागेवर सोडत राहिल्या. मग अंगठ्यावर बोट ठेवलं.

"इथं कळायलंय?"

"न्हाई."

पावलावर ठेवलं. "इथं?"

"न्हाई."

घोट्याच्या वर आल्या. नडगीच्या बाहेरच्या बाजूनं त्यांचं बोट वर येत होतं, ते मला दिसत होतं. दर वेळी त्या विचारत होत्या आणि दर वेळी मी नाही म्हणत होते, आणि दारात बाळ कधीच गप्प झालं होतं. गुडघ्यापाशी त्यांचं बोट पोचलं तेव्हा कुठे मी हो म्हणाले, आणि मागे लेक हुंदके देऊन रडायला लागली.