न पडलेला माणूस

"बाय, तुजो घोव तिठ्यार पोचलो गो! हातात पिशवी आसा, बांगडेच असतले. मसाल्याचा वाटप वाटूक घे!"

हा आवाज यायचा आमच्या विहिरीकाठच्या माडावरून. बोलणारे आमच्या शेजारचे आबा वर झावळ्यांत गुडूप, खालून दिसायचे ते फक्त त्यांचे तळपाय. आता मला सांगा, नारळ काढायला चढलेल्या माणसाने मुकाट नारळ काढावेत की नाही? छे! वरून सगळ्या वाडीचा कारभार चालायचा. कुणाची गाय कुणाच्या कुळथात शिरली, कुणाचा पापड कावळ्याने उचलला, होड्या कुठवर आल्या. मी वैतागायचे. पण खरं सांगते, दुपारच्या पेंगुळल्या वेळी समुद्राची गाज आणि वरून झिरपत येणारा तो संथ आवाज अर्धवट झोपेत ऐकत पडायचं, यासारखं सुख नव्हतं. आपण जागे आहोत की नाही, तेच कळायचं नाही.

आबांचा उभा जन्म माडांवर गेला, पण ते कधी पडले नाहीत. त्याचा त्यांना कोण अभिमान! समुद्र बघायला आलेले पर्यटक खालून फोटो काढत विचारायचे, "काका, भीती नाही वाटत?" मग आबा एकदम पुस्तकी मराठीत शिरायचे. "भीती कसली साहेब? झाड आपलंच आहे." आणि मला डोळा मारायचे.

एका सकाळी ते घरापुढच्या खळ्यात चहा पीत बसले होते. पाठीत एकदम कळ आली, पायांना मुंग्या आल्या, आणि हातातला कप संपायच्या आत दोन्ही पाय गेले. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, मेंदूला रक्त पोचलं नाही की जसा झटका येतो, तसाच हा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला आलाय. रक्त न्यायची वाट मध्येच बंद झाली. पडण्याचा, मार लागण्याचा काही संबंध नाही.

आबांनी ते लगेच आपल्या भाषेत करून घेतलं. "पाट बुजलो गो. पाणी फुडे जावक नाय, खालचा सुकला."

पण वाडीला हे पटेल तर शपथ! माडावर चढणाऱ्याचे पाय गेले म्हणजे तो पडलाच. भेटायला येणारा प्रत्येक जण गूळपाणी हातात घेऊन आधी विचारायचा, "खयच्या माडावरसून पडलास?" आदल्या संध्याकाळी आबा आमच्या विहिरीवरच्या माडावर होते. झालं! मुका मार बसला, तो सकाळी बाहेर आला, असं वाडीने ठरवूनही टाकलं. मग त्या माडावर चढायला कुणी तयार होईना. नारळ आपले आपण धबाधब पडायचे. सासूबाई म्हणाल्या, "माणूस खाल्लेलो माड दारात कित्याक होयो? कापून टाका."

मी आबांना विचारायला गेले. चाकाच्या खुर्चीत बसले होते. माझं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. या माणसाला घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"कापू नको गो बाय. माड कापलास तर मी पडलंय, असाच ठरतला."

माड राहिला.

पुढे दुपारची मी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. त्यांचं मांजर त्यांच्या पावलांवर झोपलेलं असायचं. पायांना हात लावलेला कळायचा, ऊन-गार मात्र कळायचं नाही. "मांजर बसला, ता कळता," आबा म्हणायचे, "पण पाय उनात आसत काय सावलीत, ता माका इचारू नको." मग डोळे मिटून हळूहळू बोलायचे. "काल सपनात माड चडतंय, चडतंय, माड काय सरणाच नाय. खाली बगतंय तर समुद्र, वर बगतंय तर पण समुद्र." ऐकता ऐकता माझ्याही पायाखालची जमीन हलकी व्हायची. उठून घरी यायला नको वाटायचं.

एकच गोष्ट त्यांना खुपायची. त्यांची बायको, आमच्या काकी, त्यासुद्धा वाडीसारखंच बोलायच्या. "दुनिया काय ता बोलूंदे," आबा मला म्हणायचे, "पण हिणा तरी एकदा म्हणूचा, मी पडूक नाय." काकी शेजारीच बसून त्यांच्या पायांना तेल चोळत असायच्या. मान वर न करता म्हणायच्या, "बरां, बरां. आता गप रवा."

मला असा राग यायचा! एकदा विहिरीवर त्यांना धरलंच. "काकी, चहा तुम्हीच दिलात ना? तुमच्या डोळ्यांसमोर झालं ना सगळं? मग म्हणत का नाही?"

काकींनी कळशी खाली ठेवली. "माका काय कळणा नाय? पण पडले म्हटल्यार ह्या माडाक गाळी तरी घालूक येतत. नायतर कोणाक घालू? सांग माका."

दोघी तिथेच उभ्या राहून रडलो.

गेल्या थंडीत आबांच्या छातीत कफ धरला आणि ते गेले. एवढं एक वाक्य त्यांना बायकोच्या तोंडून ऐकायला मिळालं नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं, अजून वाटतं.

बाराव्याच्या आदल्या दिवशी काकी आमच्या दारात आल्या. "त्यांका ठेवक नारळ होयो. त्याच माडाचो."

कुडाळहून यंत्र लावून चढणारा एक पोरगा बोलावला. वाटेत त्याला कुणीतरी सांगितलंच असणार. बुंध्यापाशी येऊन तो थबकला. "माणूस पडललो तो ह्योच मा?"

काकी पुढे झाल्या आणि कुंपणापलीकडची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्याने बोलल्या.

"हयसून कोण पडूक नाय. आमचे हे खळ्यात बसलले, माज्या हातची च्या पियत. मी बगलंय." मग त्यांनी माडाकडे पाहिलं, आणि आवाज एकदम मऊ झाला. "चड रे झिला. माड बरो आसा."