फलाटावरचा वैमानिक

नव्वदच्या सुमारास मी बदनापूरहून रोज रेल्वेनं जालन्याला शाळेत शिकवायला जायचो. फलाटाच्या टोकाला एक उंच, पाठीत वाकलेले गृहस्थ उभे असत. कधीकाळी हवाई दलात वैमानिक होते. गाडी सगळ्यात आधी त्यांनाच दिसायची, पण "आली" असं ते कधी बोलायचे नाहीत. दुसरं कुणी म्हणेपर्यंत पिशवीसुद्धा उचलायचे नाहीत.

एकदा मी कारण विचारलं.

"उजेडाचा एक गोळा माझ्या विमानाच्या बराबर चालल्ता," ते रुळांकडं बघत म्हणाले. "काय व्हतं, माहीत न्हाई. उतरल्यावर दिसलं तेवढं सांगितलं. मंग त्यांनी माझे डोळे तपासले, मंग डोकं. मंग विमान दिलंच न्हाई."

थंडीतल्या एका सकाळी दाट धुकं होतं. एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन रूळ ओलांडायला निघाली. एवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या त्या गृहस्थांनी माझं मनगट गच्च धरलं आणि हळूच विचारलं, "सर, गाडी दिसून राह्यली का तुमाला?"

मी वळून पाहिलं. धुक्यातून इंजिनाचा दिवा येत होता. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. म्हातारी मागं सरकली, भारा खाली पडला.

ओरडायला त्यांच्याकडं माझ्यापेक्षा जास्त वेळ होता. तो त्यांनी मला विचारण्यात घालवला.

गाडी थांबली, लोक चढू लागले. त्यांनी माझं मनगट अजून धरूनच ठेवलं होतं.

"गाडीच हाय ना ही?" समोरच्या डब्याकडं बघत त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो, तेव्हा कुठं त्यांनी माझं मनगट सोडलं.