साडूंचा डबा आणि एक जुलैवाले

आमच्या साडूंइतका कशावरच विश्वास न ठेवणारा माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि नागपूरकडे असलाच तर तो त्यांच्या ओळखीचा असेल. घरात नवीन कुकर आला की ते आधी त्यात नुसतं पाणी घालून तीन शिट्ट्या काढतात, मग अर्धं पाणी घालून काढतात, मग झाकण मुद्दाम तिरपं लावून पाहतात. आणि तिरप्या झाकणावर शिट्टी होत नाही हे पटल्यावरच त्यात डाळ पडते. तोवर माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, जुन्या पातेल्यात वरण करून मोकळी झालेली असते. माझं लग्न ठरत होतं तेव्हा घरचे थोरले जावई म्हणून तेच मला पाहायला आले. पगार, शेती, शिक्षण यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. समोर बसले आणि म्हणाले, "जेवाले बसले आन् भाजीत मीठ नाई, त काय करसान?" मी म्हणालो, मागून घेईन. "घरातच मीठ नसंल त?" शेजारून आणीन. "शेजारच्यानं दार नाई उघडलं त?" म्हणालो, मग तसंच जेवीन. ते उठले आणि सासऱ्यांना म्हणाले, "चालते. पोरगा अडचनीत बंद नाई पडत." एवढ्यावर माझं लग्न झालं. त्यांचा हा निकाल चुकीचा होता, हे सांगण्यासाठीच मी आज लिहायला बसलो आहे.

पुढे आम्ही दोघं एकाच ठिकाणी कामाला लागलो. वर्ध्याला बस स्टँडमागे, चष्म्याच्या दुकानाच्या वर, पाच माणसांचं आमचं ऑफिस. शाळा, कापसाच्या जिनिंग मिल, गावोगावच्या सोसायट्या यांच्यासाठी आम्ही वेब ॲप बनवतो. ॲपचा सांगाडा तयार मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. पण त्या सांगाड्याला आपल्याकडची माणसं कुठे ठाऊक असतात? पूर्ण नावातून वडिलांचं नाव वेगळं काढायचं, जन्मतारखेवरून वय काढायचं, एकराचं हेक्टर करायचं, मराठीत लिहिलेले आकडे ओळखायचे, अशी शंभर बारीक कामं प्रत्येक ॲपला लागतात. ती एकदाच नीट लिहावीत, एका जागी ठेवावीत आणि सगळ्यांनी तिथूनच घ्यावीत, म्हणून साडूंनी एक सामायिक लायब्ररी उभी केली. सासूबाईंना वाटलं जावयाने वाचनालय काढलं. तेव्हा साडू त्यांना म्हणाले, "तुमचा मसाल्याचा डबा नाई का आई, भाजी कोनतीबी असो, हात त्यातच जाते? थ्योच हा." तेव्हापासून ऑफिसातही तिचं नाव डबा पडलं.

या डब्यात काही घालणं म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात चप्पल घालून जाण्याइतकं अवघड होतं. नवीन फंक्शन, म्हणजे अशा एका कामाचा कोड, लिहून कोणी साडूंकडे गेलं की ते तो वाचतसुद्धा नसत. म्हणत, "हे ज्याच्यासाठी चुकंल असे तीन मानसं आना, मंग पाहू." आणि तशी माणसं आणावीच लागत. त्यांची स्वतःची माणसं एसटीत मिळत. देवळीहून रोज सकाळच्या गाडीने ते वर्ध्याला येत आणि शेजारी बसेल त्याला विचारत, "कागदावर तुमचं नाव कसं हाय? जन्मतारीख? सात-बारावर तेच नाव हाय का दुसरं?" लोकांना वाटे हा सरकारी सर्वे आहे. एका म्हाताऱ्या बाईने त्यांच्या हातात घरकुलाचा अर्ज आणि दोन फोटोच ठेवले. साडूंनी तो अर्ज पंचायत समितीत नेऊन दिला, पावती आणून दिली, आणि बाईंचं नाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं आहे हे पाहून दिवसभर खुशीत होते.

अशा प्रत्येक माणसाच्या नावाने डब्यात एकेक चाचणी होती, म्हणजे त्या माणसाच्या बाबतीत डबा चुकत नाही ना हे तपासणारा छोटा प्रोग्राम. संध्याकाळी सगळ्या चाचण्या एकदम चालवल्या की स्क्रीनवर ओळीमागून ओळ हिरवी होत जाई: आडनाव न लावणारे तळेगावचे नुसते महादेव, तीन नावांच्या बाई, एकोणतीस फेब्रुवारीचे पाटील, मोबाइल नंबरच्या जागी "बायकोले विचारा" लिहिणारे काका. एखाद्या लग्नाच्या मांडवात पाहुण्यांची नावं पुकारावीत तसं ते वाटे. एक ओळ लाल झाली की साडू खुर्ची मागे सारून म्हणत, "महादेवरावाले कोनं दुखवलं?" मग महादेवराव हिरवे होईपर्यंत कोणी घरी जात नसे.

त्यांची सर्वांत लाडकी चाचणी होती 'एक जुलैवाले'. आमच्याकडच्या जुन्या माणसांना खरी जन्मतारीख ठाऊक नसायची. शाळेत नाव घालताना मास्तर पोराकडे वरून खाली पाहत, वर्षाचा अंदाज करत आणि तारीख एक जुलै टाकून मोकळे होत. त्यामुळे आमचा अर्धा जिल्हा एक जुलैला जन्मला आहे. खुद्द साडूसुद्धा. "मायी माय म्हने, बैलांचा पोया दोन दिवसांवर होता," ते सांगत, "पन मास्तरनं काई ऐकलं नाई. त्या एक जुलैले दवाखान्यात किती गर्दी झाली असंल, इचार करा!" तर या चाचणीत अशी बारा माणसं होती, सगळी एकाच वर्षाच्या एक जुलैची. वयाप्रमाणे यादी लावली तर या बाराजणांनी ज्या क्रमाने नावं नोंदवली त्याच क्रमाने राहायला हवं, पुढे-मागे होता कामा नये, एवढंच ती तपासत असे.

आता माझा गुन्हा सांगतो. सोयाबीन निघायचे दिवस होते. आर्वीकडच्या एका खरेदी केंद्राला टोकनची यादी मोबाइलवर दिसायला हवी होती. म्हातारी माणसं आधी, वयाप्रमाणे. दुसऱ्याच दिवशी उद्घाटन. साडू तळेगावला त्यांच्या चुलतभावाच्या मुलीच्या, काढीव मुहूर्तावरच्या लग्नाला गेले होते. यादी फार हळू उघडत होती म्हणून मी डब्यातलं यादी लावायचं फंक्शन बदललं. ते झटपट चालायला लागलं आणि 'एक जुलैवाले' लाल झाले. मी अर्धा तास डोकं खाजवलं. आमचे मालक खांद्यावरून वाकून दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारत होते. चाचणीच्या ओळीपुढे एक शब्द लिहिला की ती चाचणी सुट्टीवर जाते. लाल होत नाही, हिरवीही होत नाही, नुसती पिवळी बसून राहते. मी तो शब्द लिहिला. मनात म्हणालो, सोमवारी काढू. तेवढ्यात मांडवातून साडूंचा फोन आला. मागे बँड वाजत होता. "काय लहाने जवाई, सगळं हिरवं हाय ना?" आणि मी म्हणालो, "हिरवं आहे, साडभाऊ." पिवळ्याबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं, अशी मी पुढे कित्येक दिवस स्वतःची समजूत घातली.

केंद्रावर जे झालं ते असं. बरोबरीच्या वयाची माणसं कोणत्या क्रमाने ठेवायची हे मी मशीनवर सोडलं होतं, आणि मशीन दर वेळी वेगळं ठरवत होतं. चौथ्या नंबरचे आजोबा पान पुन्हा उघडताच एकतिसावे झाले. त्यांनी रागाने परत उघडलं तर ते नववे. मग कोणा हुशार माणसाच्या ध्यानात आलं की उघडत राहिलं तर कधीतरी आपण पहिले येतो, आणि पहिलं आलं की तिथेच थांबायचं. दहा वाजेपर्यंत फाटकाशी अकरा म्हातारे उभे होते, प्रत्येकाच्या फोनवर तो स्वतः पहिला. "मी पह्यला हाय, हे पाय!" "अन् हे काय हाय मंग, भजे?" वजनकाट्यावरचा माणूस काटा सोडून पळाला.

तळेगाव तिथून जवळ. फोन जाताच साडू मांडवातून तसेच आले, डोक्यावर फेटा, कपाळाला कुंकू. म्हाताऱ्यांना वाटलं आता नवरदेवाचा बापही टोकन मागतो की काय. साडूंनी ओट्यावर चढून हात जोडले. "डबा माया हाय, चूक मायी हाय. फोन खिशात ठेवा अन् सकाळी कोन कोनाच्या मागं उभं होतं थे सांगा." म्हाताऱ्यांना ते बरोबर आठवत होतं. ज्यांचा फोनवर विश्वास नव्हता ते आधीपासूनच आपापल्या जागेवर चप्पल ठेवून बसले होते. तासाभरात वहीत यादी झाली आणि काटा सुरू झाला.

पुढच्या सोमवारी मालक म्हणाले, "हा डबा बंद करा. बाहेरची तयार लायब्ररी घेऊ. घरगुती कारभार पुरे झाला." मी समोरच्या चहावरची साय पाहत होतो. एक वाक्य बोलायचं होतं. ते तोंडापर्यंत आलं आणि चहाबरोबर खाली गेलं. साडू म्हणाले, "डबा बंद नका करू साहेब. त्यात लोकं हायेत. मीच बाजूले होतो. लहाने जवाई पाहतील." आणि ज्याने डबा सांडला त्याच्याच हातात डबा आला. साडू देवळीला बारावीच्या गणिताच्या शिकवण्या घेऊ लागले. मी चाचणीपुढचा तो शब्द काढला, फंक्शन दुरुस्त केलं, बारा माणसं हिरवी केली. पण सासरी पंगतीला त्यांच्या शेजारी जागा आली की मी वाढायला उठत असे. ते मात्र नेहमीसारखे पापड दोन्ही बाजूंनी वाजवून पाहत असत.

शेवटी एक जुलैला त्यांच्या कागदावरच्या वाढदिवसाचं निमित्त करून मी देवळीला गेलो, वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेऊन. त्यांनी पुड्यातला वरचा, मधला आणि खालचा असे तीन तुकडे मोडून पाहिले. मी डोळे मिटून म्हणालो, "साडभाऊ, ती चाचणी मी सुट्टीवर पाठवली होती."

"मालूम हाय ना," ते खात म्हणाले. "तुमचंच नाव लिवून हाय तिथं. दुपारी चार वाजून सतरा मिनटं."

डब्यातली प्रत्येक ओळ कोणी, केव्हा बदलली याची नोंद आपोआप राहते. हे मीच नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवतो. नऊ महिने जे पाप मी उराशी लपवून हिंडलो, ते माझ्या नावानिशी ऑफिसातल्या प्रत्येक स्क्रीनवर होतं. तिथे जाऊन पाहणारा माणूस तेवढा एकच होता.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"आपल्या बायका सख्ख्या बहिनी. मले जेवाले घरीच लागते." मग पुडा माझ्याकडे सरकवला. "अन् मी इचारलं असतं त तुमी हो म्हनले असते. थ्याच्यात टेस्ट काय झाली? मी पाहून राह्यलो होतो, सोताहून येता का नाई."

"मग? निकाल?"

"पास. पन लय हळू चालता बाप्पा तुमी. नऊ महिने!"

त्यांनी परत यावं म्हणून मी मालकांना सगळं सांगितलं, मालक स्वतः देवळीला जाऊन आले. साडू आले नाहीत. म्हणाले, पोरं आता कुठे प्रश्न विचारायला लागली आहेत, मधूनच सोडून कसा येऊ. फक्त घरूनच डब्यात एक चाचणी घालून दिली, शेवटची. डब्यातल्या कोणत्याही चाचणीला कोणी सुट्टी दिली तर ही लाल होते, आणि तिची खबर थेट देवळीला त्यांच्या फोनवर जाते. नाव ठेवलं आहे 'लहाने जवाई'.

रोज संध्याकाळी मी चाचण्या चालवतो. महादेवराव हिरवे होतात, तीन नावांच्या बाई होतात, बारा एक जुलैवाले एकामागून एक शिस्तीत होतात, आणि सर्वांत शेवटी मी हिरवा होतो. सकाळच्या देवळीच्या गाडीतून आता कोणी नवीन माणसं घेऊन येत नाही. कधी कधी कर्सर एखाद्या ओळीपुढे नेऊन मी थांबतो. एकच शब्द लिहायचा, एक मिनिटभर, आणि मग काढून टाकायचा. तेवढ्याने देवळीला खबर जाऊन माझा फोन तर वाजेल, आणि पलीकडून कोणी विचारेल, "काय लहाने जवाई, सगळं हिरवं हाय ना?"