लेक गेली ते घर

शेजारच्या मुलींना दटावायला उठले आणि त्यांचंच ऐकत बसले, म्हणून हे लिहिते आहे.

उद्या बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर. आज दुपारी कोरेगावात माझ्या ओसरीवर सुप्रिया आणि आरती उजळणी करत होत्या. सुप्रिया सराव परीक्षेत याच विषयात नापास झालेली. उद्याही झाली तर नर्सिंगचा प्रवेश गेला. ऑक्सिडेशन आणि रिडक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन जाणं आणि येणं, ती दर वेळी उलटंच सांगायची.

आरती वैतागली. "इलेक्ट्रॉन म्हंजी लेक समज गं. लेक ज्या घरातनं गेली, त्याचं ऑक्सिडेशन. ज्या घरात आली, त्याचं रिडक्शन."

"म्हंजी काकूंच्या घराचं ऑक्सिडेशन झालंय व्हय?"

"हळू बोल की, ऐकतील!"

ऐकलंच. माझी लेक सांगलीला नांदते. दिवाळीपासून आलेली नाही. मी केमिस्ट्रीची पदवीधर. आरतीच्या बोलण्यात चूक शोधली, सापडली नाही.

सुप्रिया मात्र त्यानंतर एकदाही चुकली नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घराचं काय झालंय?

आज मी दोघींना दिलं ते असं: लेकीच्या बंद खोलीची किल्ली, एक. बायोलॉजीचा पेपर बाकी आहे, अभ्यास तिथेच करायचा, असं बजावून. किल्ली आरतीने घेतली.