दोन दात आणि करंगळी

मुलगी आठ महिन्यांची झाली, खालचे दोन दात आले आणि ती दूध पिताना चावू लागली. मी किंचाळायचे. तिला तो खेळ वाटायचा. हसून ती पुन्हा चावायची. शाळेत दिवसभर शिकवून आल्यावर ते सोसेना. शेवटी अंगावरचे दूध तोडायचे ठरवले आणि छातीला लावायला कडुनिंबाचा पाला वाटायला बसले.

सासूबाई द्वारका चौकात शेवंतीची फुले विकून नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला वरवंटा काढून घेतला.

“पाजताना वह्या तपासत बसती. शाळेतल्या पोरांच्या चुका दिसत्यात, हिचं तोंड नाय दिसत?” त्या म्हणाल्या. “भूक असंल तवर ती चावत नाय. पोट भरलं की खेळती. ओढायची थांबली, की करंगळी घालून सोडव.”

त्या संध्याकाळी वह्या दूर ठेवून मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. घोट मंदावले, तशी ओठांच्या कडेतून करंगळी सरकवली. ती अलगद सुटली. पुढे दोन-तीनदा माझी वेळ चुकली, पण मी ओरडले नाही. आठवडाभरात अंदाज आला.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. तरी मुलगी दीड वर्षाची होईपर्यंत अंगावर प्याली, याचे श्रेय सासूबाईंचेच.