भंडारा उचलल्यावर

आमच्या गावात मताचा नुसता तोंडी शब्द कुणी धरत नाही. खंडोबाच्या देवळात जायचं, ताटातली हळद, म्हणजे भंडारा, मुठीत उचलायचा आणि मत कुणाला ते देवासमोर बोलायचं. मग माणूस बांधला गेला.

यंदा सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि आमच्या वस्तीची, बचत गट चालवणारी ताई उभी राहिली. बाई सरळ. तिच्यासाठी माणसं देवळात आणायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. असल्या पुढारपणाची मला भारी हौस.

शेजारची आक्का मात्र येईना. नवरा गेलेला, मुलगा लोणी देवकरला कंपनीत. तिच्या उसाकडे जाणारी पाणंद एका बागायतदारानं काटेरी कुंपण घालून अडवली आहे. गेल्या हंगामात ट्रॅक्टर आत जाईना, तेव्हा तोडणीवाल्यांबरोबर तिनंही उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन कॅनॉलच्या कडेनं बाहेर काढल्या.

"ताई आली की पैलं काम तुमच्या पाणंदीचं. माझा सबूद हाय," मी म्हणालो.

मग आली. ताट मीच धरलं होतं. मूठभर भंडारा उचलून ती म्हणाली, "तुमी म्हणताय म्हणून, तात्या." तिच्यामागं मीही उचलला.

प्रचाराचा नारळ फुटला त्या दिवशी ताईनं माईकवरून उपसरपंच कोण होणार ते जाहीर केलं. तोच बागायतदार!

मंडपात त्याच्या भावकीनं टाळ्या सुरू केल्या आणि मीही वाजवल्या. चांगल्या जोरात, कारण तो माझ्याकडेच बघत होता. बायकांमध्ये आक्का पदर सावरून बसली होती. तिच्याकडे बघायचं मी टाळलं.

ताईनं नंतर मला बाजूला घेतलं. "त्यांची भावकी मोठी हाय, तात्या. त्यांच्याबिगर जमत न्हाय."

"व्हय, बरोबर हाय," मी म्हणालो. पाणंदीचा प सुद्धा माझ्या तोंडातून निघाला नाही. घरी आल्यावर बायकोसमोर मात्र ताईला नाही नाही ते बोललो. एवढीच माझी मर्दुमकी.

मतदानाला गेलो तो तोच राग डोक्यात घेऊन. पुठ्ठ्याच्या आडोशाला उभा राहिलो आणि ताईच्या विरोधातल्या बाईचं बटण दाबलं. हे आक्कासाठी, असं मनाला बजावलं. बाहेर येऊन बोटावरची शाई मिरवत ताईच्याच मांडवात चहा प्यालो. आक्कानंही हेच केलं असणार, याची मला खात्री होती. पाणंद अडवणाऱ्याला कोण खुर्चीवर बसवेल?

ताई निवडून आली. मिरवणूक वस्तीवरून गेली, उघड्या जीपमध्ये ताईशेजारी तो हात जोडून उभा. धुरळा खाली बसल्यावर आक्का दारात दिसली. विचारू नये ते मी विचारलं.

"आक्का, मत कुणाला दिलंत?"

"ताईलाच की. भंडारा उचलला न्हवता का म्या? तुमच्याच हातातल्या ताटातला."

"आन् पाणंद?"

"पाणंद त्यानं अडवलीया. द्येवानं काय केलंय माझं?" ती सहज म्हणाली. "आन् आता तुमी हायसा की सांगायला. तुमचंच पॅनेल आलंया. कवा जाऊया त्याच्याकडं?"

खरं सांगावं असं वाटलं, पण सांगितलं असतं तर ताट धरणाऱ्यानंच भंडाऱ्याची शपथ मोडली, हे कबूल करावं लागलं असतं.

ओट्यावर सांडलेला गुलाल तिनं चिमटीत घेतला.

"तुमी सबूद पाळला, म्या बी पाळला. कपाळ करा की हिकडं, तात्या."

मी कपाळ पुढं केलं.