वाड्याबाहेरचे बूट

“आधी माझी सुई, मग तुमच्या मेंढरांची,” असं म्हणून आमचे डॉक्टर धोतर मांडीपर्यंत सारायचे आणि चारचौघांसमोर स्वतःला टोचून घ्यायचे.

डॉक्टर गुरांचे. तोरण्याखालच्या धनगरवस्त्यांवर मेंढरांना लस टोचत हिंडणं ही त्यांची नोकरी, आणि मधुमेह हा जोडधंदा. मी वेल्ह्याच्या कचेरीत कारकून; सुट्टीला त्यांच्याबरोबर डोंगर चढायचो. ओल्या फडक्यात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली त्यांच्या पिशवीत असे. भाकरीआधी ते सुई घेत. धनगरांना वाटे, लस बाधते की काय हे डॉक्टर आधी स्वतःवर पाहतात. ही दवा निराळी, असं डॉक्टर परोपरीने सांगत. लोकांना तो विनय वाटे. पुण्याच्या साहेबांनी हारतुरे घेऊन केलेल्या भाषणाला जे जमलं नव्हतं, ते एका मांडीने जमवलं; लोक आपणहून मेंढरं टोचायला पुढे आणू लागले.

कुणी पाण्याबरोबर गूळ पुढे केला की डॉक्टर खडा कपाळाला लावून परत देत. “आमच्यात साखरेचं घरचंच पीक आहे,” म्हणत. चालायला लागले की मी मागे पडायचो. उतारावर ते पदं म्हणत. सूर सोडला तर बाकी सगळं बरोबर असे.

पण त्यांच्या तळपायांतली जाणीव गेली होती. काटा मोडला तरी कळत नसे. अनवाणी चाललात तर पाय गमवाल, असं त्यांना पुण्याच्या दवाखान्यात बजावलं होतं. आणि मेंढरांच्या वाड्यात, त्या काटेरी कुंपणाच्या आत, पायताण घालून कुणी जात नाही. तिथे लक्ष्मी असते. डॉक्टर कुंपणापाशी बूट काढून ठेवत.

मी रागावलो की म्हणत, “बूट घालून गेलो तर उद्यापासून मीही बुटांबरोबर बाहेर. मग टोचू कुणाला, तुम्हाला?”

एका हिवाळ्यात वाड्यात बोरीचा काटा टाचेत मोडला. तो घेऊनच ते डोंगर उतरले, पदं म्हणत. घरी पायमोजा काढताना त्यांच्या बायकोला रक्त दिसलं. जखम चिघळली. आधी भोरला नेलं, मग पुण्याला. तिथे पाय कापला. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “वरच्या वस्तीची मेंढरं राहिलीत. कोण जाणार?”

त्याच आठवड्यात ते गेले.

पुढे उन्हाळ्यात वरच्या वस्तीचा म्हातारा धनगर कचेरीत चौकशीला आला. डॉक्टर का येत नाहीत, म्हणाला. मी सगळं सांगितलं; सुन्न पाय, पुण्याची ताकीद, काटा. त्याने मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

“भाऊसाहेब, बोलायचं व्हतं की त्यांनी. आमी वाड्यात घोंगडी हातरली असती.”

दाराशी काढलेल्या वहाणा त्याने उचलल्या. पायात न घालता, हातात धरूनच तो कचेरीच्या पायऱ्या उतरला आणि तसाच तापलेल्या रस्त्याने वस्तीकडे निघाला.